पंधरा पुढे, सव्वीस मागे

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारबुवा राहतात. वय ऐंशीच्या पुढे, अंगात कायम निळा डगला, आणि सगळी हयात मोटारींच्या कारखान्यात गेलेली. मिशिगनमध्ये हे वेगळं सांगायची गरज नसते म्हणा. इचलकरंजीत कुणी यंत्रमागावर होता हे जसं सांगावं लागत नाही, तसंच. आपलं नाव असं चारचौघांत आलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून आपण त्यांना म्हातारबुवाच म्हणू.

त्यांच्या गॅरेजमध्ये १९६२ सालची शेव्हरले कॉर्व्हेर आहे. इकडे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीचा पत्रा खातं. त्यामुळे दोन-चार पावसांनी रस्ते धुऊन निघाल्याशिवाय ही बाई घराबाहेर पाऊल टाकत नाही. गेल्या वसंतात म्हातारबुवांनी मला हाक मारली. मागच्या स्प्रिंगा दमल्या होत्या, त्यांनी नव्या घातल्या होत्या, आणि गाडी बरोबर उंचीवर बसली आहे की नाही हे मोजायला दुसरा माणूस हवा होता.

"तू इंजिनिअर ना? मग टेप धर."

इतकी वर्षं झाली अमेरिकेत येऊन, पण माझ्या पदवीची एवढ्या कमी शब्दांत परीक्षा कुणी घेतली नव्हती.

टेप धरली. गाडी जॅकवरून खाली उतरवली, तर मागची चाकं विचित्रच उभी. वरून फाकलेली, खालून एकमेकांजवळ ओढलेली. मागून पाहिलं तर इंग्रजी व्ही. मला वाटलं, काहीतरी मोडलं. म्हातारबुवा म्हणाले, "ढकल." गाडी दोन-तीनदा मागे-पुढे ढकलली आणि चाकं हळूहळू सरळ होत जागेवर आली. मग पुढच्या सीटवर दोन माणसांच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि चारही कोपऱ्यांत जमिनीपासूनची उंची मोजली. बाकीच्या गाड्यांत ही उंची म्हणजे थोडं दिसण्याचं, थोडं सोयीचं काम. या गाडीत मात्र मागची उंची बदलली की मागच्या चाकांचा कलही बदलतो. अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच नसतो. का ते पुढे सांगतो.

सगळं मनासारखं झाल्यावर त्यांनी पंपाची नळी माझ्या हातात दिली. "आता हवा. पुढे पंधरा, मागे सव्वीस."

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पंधरा? आमच्याकडे पंधरा पौंड हवा म्हणजे पंक्चर! कोल्हापूरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याने एवढ्या हवेवर गाडी दुकानातून सोडली नसती. म्हातारबुवांनी माझा चेहरा वाचला.

"मागे एकदा नवे टायर घातले," ते म्हणाले. "दुकानातल्या पोराने सवयीने चारही चाकांत बत्तीस भरली. मीही बघितलं नाही. हायवेला लागायचं वळण, भुरभुर पाऊस. जरा वेग जास्त वाटला म्हणून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, आणि गाडीचं मागचं पुढे आलं. गवतात जाऊन थांबलो तेव्हा मी आलो तो रस्ता मला समोर दिसत होता."

मेथीची जुडी महाग झाली हे सांगावं तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. मला मात्र त्या रात्री ते दोन आकडे झोपू देईनात. कारण या दोन आकड्यांवरून अमेरिकेत कोर्टकज्जे झाले, एका कंपनीच्या अध्यक्षाला संसदेसमोर माफी मागावी लागली, आणि शेवटी एक कायदा झाला. आजची गोष्ट त्या आकड्यांची.

*

गोष्ट कळण्यासाठी आधी थोडं चाकांबद्दल बोलावं लागेल. घाबरू नका, गणित नाही.

बैलगाडी डोळ्यासमोर आणा. दोन चाकं आणि मधे एक सलग कणा. एक चाक दगडावर चढलं की कणा तिरका होतो आणि त्याच्याबरोबर दुसरं चाकही कलतं. आपली अ‍ॅम्बॅसिडर घ्या, नाहीतर मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी, जी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. या गाड्यांची मागची बाजू तत्त्वाने बैलगाडीच. पाट्यांवर बसवलेला एक जाडजूड अ‍ॅक्सल. दणकट आणि बिनतक्रार, पण जड. आणि एका चाकाचं दुखणं दुसऱ्याला भोगायला लावणारा.

मग यावर तोड काय? कणा मधोमध तोडायचा. गिअरची पेटी गाडीच्या सांगाड्याला पक्की बसवायची, आणि तिच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा कणा बिजागरीवर लटकवायचा. आता डावं चाक खड्ड्यात गेलं तरी उजव्याला पत्ता लागत नाही. याला म्हणतात स्विंग अ‍ॅक्सल. स्वस्त, हलका आणि खराब रस्त्यावर आरामशीर. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये हाच होता, पोर्शच्या ३५६ मध्ये हाच होता, मर्सिडीजनेही तो कित्येक वर्षं वापरला.

आणि आपल्याकडे? स्टँडर्ड हेरल्ड आठवते का? मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९६१ पासून बनवलेली, दोन डोळ्यांची, नाजूक चणीची गाडी. आमच्या काकांकडे एक होती. तिचं चाक बदलायला जॅक लावला की मागचं चाक खालून आत वळायचं, आणि आम्हा पोरांना वाटायचं गाडी लंगडी झाली. म्हातारबुवांच्या गॅरेजमध्ये मी जे पाहिलं, ते मी पन्नासेक वर्षांपूर्वी काकांच्या अंगणात पाहिलेलं होतं. ओळखलं मात्र नाही.

आता या रचनेतली गोम. बिजागरी एकच, तीही आतल्या टोकाला. त्यामुळे चाक वर-खाली होताना दाराच्या फळीसारखं कमानीत फिरतं, म्हणजेच कलतं. गाडीची मागची बाजू उंच झाली की चाकं खालून आत जातात. बसकी झाली की वरून आत कलतात. म्हणून तो अर्ध्या इंचाचा आग्रह. इथे स्प्रिंगची उंची ठरवणं म्हणजेच चाकाचा कल ठरवणं.

सरळ रस्त्यावर हे सगळं निभतं. पण जोरात वळण घेतलं की बाहेरच्या चाकावर रस्ता जो आडवा जोर लावतो, तो त्या तिरक्या कण्यावाटे गाडीची मागची बाजू वर उचलू पाहतो. मागचं वर उचललं गेलं की चाक आणखी आत वळतं, टायर काठावर उभा राहतो आणि त्याची पकड कमी होते. अशा वेळी घाबरलेला माणूस काय करतो? जे म्हातारबुवांनी केलं तेच. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो. त्याने वजन पुढे जातं, मागचं आणखी हलकं होतं, आणखी वर येतं. मग शेपूट पुढे आणि डोकं मागे व्हायला वेळ लागत नाही.

*

हे सगळं अमेरिकेला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं, आणि उत्तम ठाऊक होतं. इथे मॉरिस ऑली या माणसाची ओळख करून द्यायला हवी. हा मूळचा ब्रिटिश. रोल्स-रॉइसमध्ये तयार झाला आणि १९३० च्या सुमारास जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आला. त्या काळी गाडी चांगली चालते की वाईट हे ड्रायव्हरच्या पार्श्वभागाने ठरवायचं, अशी रीत होती. ऑलीने १९३२ मध्ये एका मोटारीच्या पुढे आणि मागे सरकवता येणारी वजनं लावली. ती इकडची तिकडे करत, स्प्रिंगा बदलत तो गाडी चालवून बघायचा. पुढच्या स्प्रिंगा मागच्यापेक्षा नरम ठेवल्या तर गाडी घोड्यासारखी डुलत नाही, समतल चालते, हे त्याने त्यातून दाखवलं. पुढच्या स्प्रिंगा इतक्या नरम ठेवायच्या तर पुढचा सलग कणा चालणार नव्हता. म्हणून १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं. आज आपण ज्याला सस्पेन्शनचं शास्त्र म्हणतो, त्याची बरीचशी पायाभरणी या गृहस्थांची.

अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर या शब्दांचं श्रेयही ऑलीलाच देतात. अर्थ सोपा आहे. चाक जिकडे बघतं तिकडेच गाडी जाते असं आपल्याला वाटतं, पण टायर रबराचा. वळणावर तो दबतो, मुरडतो आणि गाडी थोडी तिरकी सरकते. पुढचे टायर जास्त सरकले तर गाडीचं नाक वळणाबाहेर जातं. हा अंडरस्टिअर. मागचे जास्त सरकले तर शेपूट बाहेर जाते. हा ओव्हरस्टिअर. पहिल्यात माणूस आपसूक जे करतो, म्हणजे स्टिअरिंग आणखी वळवणं आणि वेग कमी करणं, तेच बहुतेक वेळा बरोबर ठरतं. दुसऱ्यात तेच घात करतं. म्हणून सामान्य माणसाच्या हातात द्यायची गाडी नेहमी थोडी अंडरस्टिअर करणारी हवी, हा धडा १९३० च्या दशकातच लिहिला गेला होता. पुढे ऑली शेव्हरलेमध्ये संशोधनाचं काम बघत होता. १९५३ मध्ये युरोपातल्या गाड्यांवर लिहिलेल्या निबंधात, मागे इंजिन आणि स्विंग अ‍ॅक्सल ही जोडी बरी नव्हे, असं त्याने स्पष्ट म्हटलं.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५९ च्या ऑक्टोबरात, त्याच शेव्हरलेने मागे इंजिन आणि स्विंग अ‍ॅक्सल असलेली गाडी बाजारात आणली. तीच कॉर्व्हेर.

*

असं का केलं? मूर्खपणामुळे नाही. कॉर्व्हेरचा जनक एड कोल हा शेव्हरलेचा प्रमुख होता आणि डेट्रॉइटमधल्या अत्यंत हुशार इंजिनिअरांपैकी एक. त्या वेळी बीटल अमेरिकेत धडाक्याने खपत होती. बाकीच्या कंपन्यांनी उत्तर म्हणून आपल्याच थोराड गाड्या आटवून छोट्या केल्या. कोलने नवी गाडी काढली. सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, तेही मागे. त्यामुळे आतली जमीन सपाट, नाक हलकं, स्टिअरिंग हलकं. किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास. 'टाइम' साप्ताहिकाने कोलचं चित्र मुखपृष्ठावर छापलं. इथून अर्ध्या तासावर विलो रनचा कारखाना होता. तिथे दुसऱ्या महायुद्धात फोर्डने बी-२४ बाँबर विमानं बनवली होती. युद्धानंतर तो जनरल मोटर्सकडे आला आणि तिथून ढिगाने कॉर्व्हेर बाहेर पडल्या.

पण गाडीचं साठ टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर. म्हणजे शेपूट बाहेर पडायचा धोका मुळातच. त्यावरचे उपाय इंजिनिअरांना तोंडपाठ होते. सगळ्यात सोपा म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणारा पोलादाचा एक वाकवलेला गज, अँटी-रोल बार. वळणावर गाडी कलली की हा गज पिळला जातो आणि कलण्याचा जास्त भार पुढच्या बाहेरच्या टायरवर टाकतो. पुढचं जास्त सरकतं, मागच्याला उसंत मिळते.

पहिल्या कॉर्व्हेरला हा गज नव्हता. त्याऐवजी काय होतं?

हवा! पुढे पंधरा पौंड, मागे सव्वीस.

युक्ती बघा. कमी हवेचा टायर जास्त मुरडतो, म्हणून जास्त सरकतो. पुढचे टायर मुद्दाम नरम ठेवले की गाडी अंडरस्टिअर करू लागते. शास्त्र शंभर टक्के बरोबर. कागदावर गाडी सुरक्षित. गजाचा खर्च नाही, वजन नाही. मालकाच्या पुस्तिकेत आकडे छापले की काम झालं.

आता हे प्रत्यक्षात कसं व्हायचं ते डोळ्यासमोर आणा. इतर सगळ्या गाड्यांना चारही चाकांत जवळजवळ सारखीच हवा. त्या काळी इथे पेट्रोल पंपावरचा पोऱ्या काच पुसायचा, तेल बघायचा आणि हवाही भरायचा. त्याला पंधरा पौंडांचा मऊ टायर दिसला की तो काय करणार? बिचारा चांगुलपणाने भरून देणार. मालक वर धन्यवाद म्हणणार, आणि गाडीच्या अंगातला एकमेव उपाय त्या फुस्स आवाजाबरोबर नाहीसा होणार.

*

अपघात व्हायला लागले. बहुतेक एकट्या गाडीचे. समोर कुणी नाही, मागे कुणी नाही आणि गाडी उलटी. खटले दाखल होत गेले आणि त्यांचा आकडा शंभरावर गेला.

कंपनीच्या आत काय चाललं होतं हे पुढे जॉन डीलॉरियनने सांगितलं. हा त्याच कंपनीतला बडा अधिकारी, आणि त्याच्या आठवणींचं पुस्तक १९७९ मध्ये आलं. त्यात तो सांगतो की १९६१ मध्ये शेव्हरलेची सूत्रं बंकी नडसन यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी हा गज बसवायची परवानगी मागितली. खर्च फार म्हणून वरून नकार आला. खर्च किती, तर गाडीमागे १५ डॉलर. दोन हजारांच्या गाडीत पंधरा, म्हणजे पाऊण टक्का. नडसन यांनी राजीनाम्याची धमकी दिली तेव्हा कुठे परवानगी मिळाली. १९६४ च्या गाडीला पुढे गज आला आणि मागे एक आडवा पाटा आला. १९६५ ला तर मागचं सस्पेन्शनच नवं झालं, स्विंग अ‍ॅक्सल गेला. ही दुसरी कॉर्व्हेर म्हणजे फार गोड गाडी, असं जाणकार आजही सांगतात.

पण तोवर उशीर झाला होता. ३० नोव्हेंबर १९६५ ला एक पुस्तक आलं, 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड'. लेखक राल्फ नेडर, वय एकतीस, व्यवसायाने वकील, कनेटिकटमधल्या विनस्टेड या छोट्या गावात वाढलेला, आईवडील लेबनॉनहून आलेले. म्हणजे तोही एका परीने आमच्यासारख्या स्थलांतरितांच्या घरातलाच. पुस्तकात आठ प्रकरणं. कॉर्व्हेर फक्त पहिल्या प्रकरणात आहे. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते तेवढंच.

पुस्तकाचा खरा रोख वेगळा होता. तोवर रस्त्यावरच्या मरणाची चर्चा एकाच सुरात व्हायची. चूक ड्रायव्हरची. आपल्या घाटांतल्या पाट्या आठवा. "अति घाई संकटात नेई." खोटं नाही ते. पण घाई न केलेल्या माणसालाही दगा देणारं यंत्र असू शकतं, आणि माणूस चुकणारच हे गृहीत धरून यंत्र बनवता येतं, हे त्या पाटीत कुठे आहे? नेडर नेमकं हेच विचारत होता.

यावर कंपनीने जे केलं ते हिंदी सिनेमात शोभावं असं. नेडरच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले. त्याच्या मित्रांकडे, शिक्षकांकडे चौकशा केल्या. माणूस कुठे घसरतो का बघायला लागले. हे उघडकीला आलं आणि २२ मार्च १९६६ ला जनरल मोटर्सचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीसमोर जाहीर माफी मागावी लागली. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचा अध्यक्ष एका फाटक्या वकिलाची माफी मागतोय हे दृश्य लोकांनी पाहिलं. नेडरने खासगीपणावर घाला घातल्याचा खटलाही भरला. १९७० मध्ये कंपनीने ४ लाख २५ हजार डॉलर देऊन तो मिटवला. त्याने तो पैसा तिच्यासारख्यांवरच नजर ठेवायच्या कामाला लावला!

आणि ९ सप्टेंबर १९६६ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मोटार सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. दोन्ही सभागृहांतल्या मतदानात विरोधात एकही मत पडलं नव्हतं. १९६८ पासून नव्या गाड्यांत सीटबेल्ट सक्तीचे झाले, छातीत न घुसता दबणारं स्टिअरिंग आलं. त्या १९६६ साली इथे दर दहा कोटी मैलांच्या प्रवासामागे साडेपाच माणसं मरत होती. २०२३ मध्ये हा आकडा सव्वाच्या आसपास होता. सगळं श्रेय कायद्याचं नाही. रस्ते सुधारले, दवाखाने सुधारले. पण सुरुवात इथे झाली.

*

इथे गोष्ट संपवली असती तर नायक-खलनायक छान जमले असते. पण म्हातारबुवांसमोर नेडरचं नाव काढून बघा! "ते प्रकरण बहात्तर साली संपलं," ते बोटाने बजावतात.

आणि तेही खरं आहे. नव्या कायद्यातून जी सरकारी यंत्रणा उभी राहिली तिनेच कॉर्व्हेरची चाचणी केली. १९६३ ची कॉर्व्हेर घेतली आणि तिच्या बरोबरीने फोर्ड फाल्कन, प्लिमथ व्हॅलियंट, बीटल, रेनॉ डॉफिन. जुलै १९७२ मध्ये अहवाल आला. त्याचा सारांश असा, की १९६० ते १९६३ च्या कॉर्व्हेरचा ताबा सुटण्याची किंवा ती उलटण्याची शक्यता त्या काळच्या इतर गाड्यांच्या मानाने काही वेगळी नव्हती. नेडरने तो मानला नाही. पण कागदोपत्री कॉर्व्हेर सुटली.

तेव्हा गाडी उरलीच नव्हती. १९६५ मध्ये दोन लाखांहून जास्त खपलेली कॉर्व्हेर १९६९ मध्ये जेमतेम सहा हजार निघाली आणि बंद झाली. एकूण सुमारे १८ लाख. पुस्तकाने मारली असं लोक म्हणतात, पण फोर्डची मस्टँग १९६४ मध्येच आली होती आणि तरुण गिऱ्हाईक तिकडे पळालं होतं. पुस्तकाच्या आधीच कंपनीने कॉर्व्हेरवर नवा पैसा घालायचं थांबवलं होतं, असंही जाणकार सांगतात.

मग बरोबर कोण? मी बरेच दिवस या प्रश्नाभोवती फिरत होतो. आता मला वाटतं, प्रश्नच चुकीचा आहे. 'गाडी इतरांहून वाईट होती का' याचं उत्तर १९७२ च्या अहवालाने दिलं, आणि ते 'नाही' असं आहे. पण 'जे करता येत होतं ते केलं का' हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर १९६४ च्या गाडीने दिलं. पंधरा डॉलरचा गज होता, ज्ञान घरातच होतं, ऑलीने ते लिहूनही ठेवलं होतं. तरी उपाय लोखंडात न करता पुस्तिकेतल्या एका ओळीत केला आणि जबाबदारी पेट्रोल पंपावरच्या पोऱ्यावर टाकली. 'शेजाऱ्यांचीही छपरं गळतात' हे आपलं छप्पर न शाकारायचं कारण होत नाही.

हे मी एवढं जोरात का लिहितोय, तर कारण आहे. मीही एकदा अशी ओळ लिहिली आहे.

नोकरीच्या सुरुवातीची वर्षं. मोटारींशी संबंध नसलेली एक छोटी कंपनी, कारखान्यांतली यंत्रं बनवणारी. एका यंत्राचं झाकण चालू असताना उघडता येत होतं. एक खिटी बसवली असती तर उघडलं नसतं. पण यंत्र जायच्या बेतात, खर्च ठरलेला, साहेब घाईत. मी सुचवलं, पिवळा स्टिकर लावू, 'यंत्र बंद करूनच उघडा'. सगळ्यांना पटलं. शाबासकीही मिळाली. वर्षभराने एक फोटो आला. झाकण, त्यावर ग्रीसने काळा झालेला माझा स्टिकर. एक अक्षर वाचता येत नव्हतं. एका कामगाराची दोन बोटं गेली होती. चौकशीत मला कुणी काही म्हटलं नाही. सूचना लिहिलेली होती ना! नियमाप्रमाणे मी निर्दोष. माझा १९७२ चा अहवाल मला असा मिळाला. खिटी पुढच्या यंत्रापासून बसवली. त्या माणसाचं नाव मला कधी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही.

*

आपल्याकडची हेरल्ड? १९७२ मध्ये स्टँडर्डने तिच्या जागी गॅझेल आणली. तिच्या मागे स्विंग अ‍ॅक्सल काढून सरळ सलग अ‍ॅक्सल बसवला, म्हणजे पुन्हा बैलगाडीचा कणा. कधीकधी मागे जाणं हेच शहाणपण. आपल्या मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली, आणि 'भारत एनकॅप' ही गाड्या आपटून तपासायची पद्धत १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. २०२२ या एका वर्षात आपल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली कितीतरी घाईने गेली असतील. पण प्रत्येक वेळी पाटीकडे बोट दाखवून मोकळं होण्याआधी यंत्राकडे आणि रस्त्याकडेही एकदा बघावं, एवढंच माझं म्हणणं.

म्हातारबुवांनी त्यांच्या गाडीला आता १९६४ च्या जातीचा गज बसवून घेतला आहे, आणि मागे चाकं आत वळू न देणारा एक पाटाही. एवढं करूनही ते दर शनिवारी सकाळी, टायर थंड असताना, गुडघ्यावर बसून हवा मोजतात.

"आता तर गज आहे," मी म्हटलं. "मग पंधरा-सव्वीसचा एवढा सोस कशाला?"

गेज खिशात टाकत ते उठले. "गज आहे म्हणून मला झोप लागते. पण बासष्ट साली ही गाडी ज्याने पहिल्यांदा घेतली, त्याला कुणी सांगितलं होतं?"

मग किल्ली माझ्या हातात दिली. गावाबाहेरच्या रस्त्यावर एक लांबलचक वळण आहे. तिथे मी पाय उचलला नाही, अलगद ठेवला. गाडी सुरेख वळली.